घरात अडकल्यावर पुस्तकं ऐकताना: आधी आवाज निवडा, मग पुस्तक

पाय प्लास्टरमध्ये असो, ऑपरेशननंतरची सक्तीची विश्रांती असो, संसर्गामुळे एका खोलीत राहणं असो किंवा घरातल्या आजारी माणसाला सोडून बाहेर पडता येत नसो, अशा वेळी भेटणारा प्रत्येक जण एक सल्ला हमखास देतो: "आता वेळच वेळ आहे, वाचून घे भरपूर." सल्ला देणाऱ्याने उताणं पडून जाड पुस्तक तासभर हातात तोललेलं नसतं. मनगटं भरून येतात, चष्मा नाकावरून घसरतो, आणि औषधाच्या गुंगीत तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचली जाते. ऑडिओबुकं अशा वेळी खरोखर उपयोगी पडतात.

पण बहुतेकांची सुरुवातच चुकीच्या टोकाकडून होते. 'कधीतरी वाचायचंच' म्हणून वर्षानुवर्षं राहिलेलं एखादं भारदस्त पुस्तक उघडलं जातं, तिसऱ्या प्रकरणापर्यंत कोण कोणाचा काका हे कळेनासं होतं आणि "आपल्याला नाही बुवा जमत ऐकायला" असा निकाल लागतो. घरात अडकलेल्या माणसाला आधी उणीव भासते ती माणसांच्या आवाजाची. म्हणून आवाज आधी, तो दिवसाच्या कोणत्या वेळी हवा ते नंतर, आणि पुस्तकाचं नाव सगळ्यात शेवटी.

घर केव्हा खायला उठतं ते आधी बघा

काहीही डाउनलोड करण्याआधी एक-दोन दिवस नुसतं लक्ष ठेवा. कोणता वेळ सरता सरत नाही? कुणाची पहाट तीनला उजाडते आणि पुढे झोप नाही. कुणाला दुपारी घर रिकामं झाल्यावर कासावीस होतं. कुणाला ड्रेसिंग किंवा इंजेक्शनच्या आधीचा अर्धा तास नको होतो. ऐकणं त्या वेळेसाठी राखून ठेवा. दिवसभर कानात काहीतरी चालू ठेवलं तर संध्याकाळपर्यंत डोकं जड होतं आणि नेमक्या नको त्या वेळी ऐकायचाही कंटाळा आलेला असतो.

स्वतःची अवस्थाही प्रामाणिकपणे बघा. ताप किंवा कळा असतील तर लक्ष पाच-दहा मिनिटांच्या वर टिकणार नाही. हाड मोडलेल्या माणसाचं डोकं मात्र तरतरीत असतं, फक्त जागेवरून हलता येत नाही. त्याला गुंतागुंतीची, लांबलचक गोष्ट मानवते. डोक्याला मार लागला असेल किंवा अर्धशिशी असेल, तर आवाजाचाच त्रास होऊ शकतो. तिथे डॉक्टरांना विचारून, हळू आवाजात, अगदी थोडं ऐका आणि त्रास वाढला तर लगेच बंद करा.

आवाज कसा पारखायचा

जवळपास सगळ्या सेवा पुस्तकाचा नमुना फुकट ऐकवतात. तो दुपारी घाईत ऐकू नका. ज्या वेळेसाठी पुस्तक हवंय त्याच वेळी, त्याच जागी, पडून ऐका. दिवसा छान वाटणारा खणखणीत, नाट्यपूर्ण आवाज पहाटे तीनला अंगावर येतो.

पाच मिनिटं ऐकल्यावर स्वतःला विचारा: हा माणूस खोलीत बसलेला चालेल का? मग बारकाव्यांकडे वळा. वाक्याच्या शेवटी आवाज पडून शब्द गिळले जातात का? कुजबुज आणि ओरडणं यांच्यात इतका फरक आहे का की सारखा आवाज कमी-जास्त करावा लागेल? श्वासाचा किंवा ओठांचा आवाज खटकतो का? हे दोष नमुन्यात थोडे जाणवले, तर दहा तासांच्या पुस्तकात ते डोक्यात जातील. निवेदक लहान मुलाचा किंवा म्हाताऱ्याचा आवाज काढतो तेव्हा ते नकलेसारखं वाटतं का, हेही बघा. माझं मत विचाराल तर आजारपणात साधं, फारसा अभिनय नसलेलं वाचन सगळ्यात टिकाऊ ठरतं. अनेक कलाकार, पार्श्वसंगीत आणि दारांच्या करकरीसकट केलेली नाट्यरूपं तब्येत सुधारल्यावर ऐकावीत.

एखादा आवाज जमला की त्या निवेदकाच्या नावानेच शोध घ्या. बहुतेक ॲपमध्ये लेखकाप्रमाणे निवेदकाचं नावही दाबता येतं आणि त्याने वाचलेली सगळी पुस्तकं समोर येतात. अशाने तुम्ही आपणहून कधी हातात घेतली नसती अशी पुस्तकंही चांगली निघतात.

मग पुस्तक

कानाने वाचताना मागचं पान चाळता येत नाही, ही एकच गोष्ट निवड करताना डोक्यात ठेवली तरी पुरे. खूप पात्रं, एकसारखी नावं, दोन-तीन काळांत उड्या मारणारी कथा, तळटीपा, तक्ते हे सगळं कानाला जड जातं. एकाच माणसाने सांगितलेली गोष्ट, आत्मकथन, प्रवासवर्णन, सरळ चालणारी रहस्यकथा, पत्रं, लघुकथा हे सोपं जातं. अगदी वाईट दिवसांसाठी आधी वाचलेलं, आवडलेलं पुस्तक घ्या. पुढे काय होणार ते माहीत असल्यामुळे मधली वीस मिनिटं डोळा लागला तरी काही बिघडत नाही.

लघुकथा नेहमी हाताशी असाव्यात. वीस-पंचवीस मिनिटांत एक गोष्ट पुरी होते आणि आज काहीतरी पूर्ण केलं असं वाटतं. अंथरुणातल्या दिवसांत हे वाटणं दुर्मिळ असतं. ब्रिटनमध्ये १९३५ साली अंधांसाठी, त्यातही पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी, 'बोलकी पुस्तकं' सुरू झाली तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर साधारण २५ मिनिटांचं वाचन मावत असे. मग उठून तबकडी उलटायची. ती मर्यादा यंत्राची होती, पण पडून ऐकणाऱ्यासाठी ते माप आजही अगदी योग्य आहे.

एक सावधगिरी: पोटावर टाके असतील तर विनोदी पुस्तकं लांब ठेवा. हसण्याने टाके ओढले जातात आणि हसू काही आवरत नाही. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत मजकूर थोडा रटाळच बरा.

आणि आजारावर मात केल्याच्या प्रेरणादायी कहाण्या? कुणी भेट दिल्या म्हणून ऐकायचं बंधन नाही.

पुस्तकं मिळतात कुठे

फुकटपासून सुरुवात करा. लिब्रिवॉक्स हा उपक्रम २००५ साली सुरू झाला. कॉपीराइट संपलेली पुस्तकं जगभरातले स्वयंसेवक वाचतात आणि ती कुणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. भर इंग्रजीवर असला तरी इतर भाषाही आहेत. इथे दर्जा कमी-जास्त असतो, आणि कधी प्रत्येक प्रकरण वेगळ्याच माणसाने वाचलेलं असतं. म्हणून सविस्तर शोधात एकाच वाचकाने वाचलेली पुस्तकं निवडण्याचा पर्याय आहे, तो वापरा.

दुसरा मार्ग ग्रंथालयाचा. तुम्ही ज्या ग्रंथालयाचे सभासद आहात ते लिबीसारख्या ॲपशी जोडलेलं असेल, तर कार्डाच्या नंबरावर ऑडिओबुकं घरबसल्या मिळतात आणि मुदत संपली की आपोआप परत जातात. दंड नाही, परत करायला कुणाला पाठवणं नाही. लोकप्रिय पुस्तकांना रांग असते, म्हणून एकाच वेळी तीन-चार पुस्तकांसाठी नाव नोंदवून ठेवा.

तिसरा मार्ग पैसे देऊन. ऑडिबल ही कंपनी १९९५ची, २००८ पासून ॲमेझॉनकडे. स्टोरीटेल मूळची स्वीडिश, आणि तिने मराठीतही बरीच पुस्तकं ध्वनिमुद्रित करून घेतली. वर्गणी भरण्याआधी इतकंच तपासा की तुमच्या भाषेतली, तुम्हाला आवडणाऱ्या प्रकारची निदान दहा-बारा पुस्तकं तिथे आहेत का. 'लाखो पुस्तकं' या जाहिरातीचा आपल्याला उपयोग नाही.

चौथा मार्ग बऱ्याच जणांना ठाऊकच नसतो. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी वेगळी ग्रंथालयं आहेत, आणि त्यांचा लाभ फक्त दृष्टिहीनांपुरता नाही. २०१३च्या माराकेश करारात शारीरिक अपंगत्वामुळे पुस्तक हातात धरू न शकणाऱ्या किंवा पानं उलटू न शकणाऱ्या माणसाचाही समावेश आहे. या करारामुळे अशा वाचकांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती बनवायला आणि देशोदेशी पाठवायला कॉपीराइटमध्ये सूट मिळते. दीर्घ आजारामुळे हातांत बळ उरलं नसेल, डिस्लेक्सिया असेल, दृष्टी अधू असेल, तर तुमच्या देशातल्या अशा ग्रंथालयाकडे चौकशी करा. डॉक्टरांचं पत्र बहुधा लागतं. ही पुस्तकं पुष्कळदा डेझी नावाच्या स्वरूपात असतात. त्यात प्रकरण, पोटविभाग, पान अशा उड्या मारता येतात, ही साध्या एमपी३ फाइलमध्ये नसलेली सोय.

हवं ते पुस्तक श्राव्य रूपात नसेलच तर फोनला वाचायला लावा. आयफोनच्या सुलभता सेटिंगमध्ये 'स्पीक स्क्रीन' सुरू केलं की दोन बोटं वरून खाली ओढल्यावर पडद्यावरचा मजकूर वाचला जातो. अँड्रॉइडमध्ये त्यासाठी 'सिलेक्ट टू स्पीक' आहे, आणि गुगलच्या वाचनयंत्रणेत मराठी आवाजही आहे. फक्त स्कॅन केलेली पानं म्हणजे चित्रं असतात, ती अशी बऱ्याचदा वाचली जात नाहीत. यंत्राचा आवाज माहितीपर लेखांना चालून जातो. कादंबरीला तो कोरडा पडतो.

फोन, कान आणि उशी

गाडं इथे खरं अडतं, म्हणून जरा सविस्तर.

हाताशी काय आहे यापेक्षा तुम्ही कसे पडता यावर साधन ठरवा. खोलीत एकटे असाल तर छोटा स्पीकर सगळ्यात चांगला. कान मोकळे राहतात आणि आवाज खोलीत भरतो, माणूस बसल्यासारखा. शेजारी कुणी झोपत असेल तर इअरफोन लागणारच, पण कुशीवर झोपणाऱ्याला कानातली कडक गोळी टोचते. त्यासाठी कपड्याच्या पट्टीत बसवलेले चपटे हेडफोन किंवा उशीखाली ठेवायचा पातळ स्पीकर मिळतो. गळ्याभोवती वायर घेऊन झोपू नका.

एकाच कानात इअरफोन घालणार असाल तर सुलभता सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' चालू करा, नाहीतर दोन बाजूंना विभागलेल्या आवाजांपैकी एक ऐकूच येणार नाही. शुश्रूषा करणाऱ्यांनी तर एक कान नेहमी मोकळाच ठेवावा, कारण पलीकडच्या खोलीतली हाक ऐकू यायला हवी. हाडांतून आवाज पोचवणारे, कान उघडे ठेवणारे हेडफोन अशांना फार सोयीचे पडतात.

आवाज किती ठेवायचा? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसांसाठी सुरक्षित मर्यादा म्हणजे आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलपर्यंत. ९० डेसिबलला हीच मर्यादा जेमतेम ४ तासांवर येते. घरात अडकलेला माणूस आठवड्याला ४० तास सहज ऐकतो, म्हणून फोनच्या कमाल आवाजाच्या साठ टक्क्यांच्या आतच राहा. पंख्याच्या घरघरीवर मात करायला आवाज वाढवावा लागत असेल तर स्पीकर डोक्याजवळ आणा.

पुस्तकं आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. ६४ केबीपीएसच्या (हे आवाजाच्या दर्जाचं माप) फाइलला तासाला साधारण २९ एमबी जागा लागते, १२८ला त्याच्या दुप्पट. म्हणजे दहा तासांचं पुस्तक साध्या दर्जात ३०० एमबीच्या आत मावतं, आणि बोलण्याच्या आवाजाला तो दर्जा पुरतो. पडदा बंद झाल्यावर पुस्तकही बंद पडत असेल तर दोष बहुधा फोनच्या बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगचा असतो. त्यातून ऑडिओबुकच्या ॲपला सूट द्या. चार्जरची वायर पलंगापर्यंत पोचते का ते आजच बघा, कारण रात्री दोनला ते समजून उपयोग नाही.

वेग

निवेदक मिनिटाला सुमारे १५५ शब्द वाचतो, म्हणजे तासाला ९,३०० च्या आसपास. ऐंशी हजार शब्दांची कादंबरी साडेआठ तासांत होते. सव्वापट वेगाने तीच सात तासांच्या आत येते, म्हणून बरे असताना लोक वेग वाढवतात. इथे ते कशासाठी? वेळ तर घालवायचाच आहे. गुंगीत असाल तर उलट ०.९ वर आणा. फरक जाणवतही नाही, पण वाक्यं सुटायची थांबतात. त्याहून खाली गेलं की आवाज ताणल्यासारखा येतो.

झोप लागते तेव्हा

ऐकता ऐकता झोप लागणं हा पुस्तकाचा अपमान नाही. अनेकांना ते त्यासाठीच हवं असतं. पण व्यवस्था चोख हवी. स्लीप टायमर पंधरा ते तीस मिनिटांवर लावा. 'प्रकरण संपल्यावर थांब' हा पर्याय प्रकरणं लहान असतील तरच घ्या. ॲपमध्ये टायमर नसेल तर आयफोनच्या घड्याळात टायमर लावून 'संपल्यावर' या जागी 'प्लेइंग थांबवा' निवडा, काहीही चालू असलं तरी ते थांबतं.

रात्रीचं पुस्तक आणि दिवसाचं पुस्तक वेगळं ठेवा. हा या लेखातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा सल्ला. दिवसाच्या पुस्तकात उत्कंठा असू द्या, रात्रीचं सपाट आणि ओळखीचं असू द्या: निसर्गवर्णन, इतिहास, जुनी वाचलेली कादंबरी. रात्रीच्या पुस्तकात कालची जागा शोधत बसू नका, जिथे असेल तिथून सुरू करा. दिवसाच्या पुस्तकात मात्र औषध घेतल्यावर, डोळे जड होण्याआधी, एक बुकमार्क टाकून ठेवा. जागे झाल्यावर तिथे परतता येतं.

मध्येच धागा तुटला तर सुरुवातीला जायची घाई करू नका. तीस सेकंद मागे नेणारं बटण तीन-चारदा दाबा, तरी कळलं नाही तर प्रकरणाच्या आरंभी जा. तेही नाही जमलं तर पुढे ऐकत राहा, चांगला लेखक महत्त्वाची गोष्ट एकदाच सांगून थांबत नाही. पात्रांची नावं एका कागदावर उशाशी लिहून ठेवली की कामच होतं.

हातांना काम, पण पायांना नाही

नुसतं छताकडे बघत ऐकताना मन भरकटतं. हातांना साधं, विचार न लागणारं काम द्या: विणकाम, बटणं लावणं, जुने फोटो लावणं, चित्रं रंगवणं. फिजिओथेरपिस्टने दिलेले बसून किंवा पडून करायचे व्यायाम एखाद्या प्रकरणाला जोडून टाका. 'दहा मिनिटं व्यायाम' नकोसा वाटतो, 'पुढचं प्रकरण फक्त व्यायाम करतानाच' हे जमून जातं.

पण वॉकर किंवा कुबड्यांनी चालताना, जिना चढताना, न्हाणीघरात, कानात काहीही नको. तोल सांभाळायला पूर्ण लक्ष लागतं, आणि मागून कुणी "जपून" म्हणालं तर ते ऐकू यायला हवं. औषधं मोजून घेतानाही पुस्तक थांबवा.

दोघांनी मिळून, किंवा घरच्याच आवाजात

आजारी माणूस आणि त्याची काळजी घेणारं माणूस यांच्यात काही आठवड्यांनी बोलायला औषधं आणि जेवण एवढंच उरतं. संध्याकाळी स्पीकरवर एकच पुस्तक दोघांनी ऐकलं तर तिसराच विषय मिळतो. एक नियम पाळा: आपल्या जोडीदाराशिवाय पुढचं प्रकरण चोरून ऐकायचं नाही.

वयस्क आई-वडिलांसाठी ॲप शिकवण्यात शक्ती घालवू नका. पुस्तक आधी उतरवून, मुख्य पडद्यावर ते एकच चिन्ह मोठं ठेवून, बाकी सगळं दुसऱ्या पानावर सरकवा. 'दाबलं की सुरू, दाबलं की बंद' एवढंच त्यांच्या वाट्याला यावं. आवाजी आज्ञेवर चालणारा स्पीकर असेल तर आज्ञेचं वाक्य ठळक अक्षरात लिहून समोर चिकटवा.

आणि आवाजच हवा आहे, तर ओळखीच्या आवाजाची बरोबरी कोण करणार? लांब राहणाऱ्या नातवाने, लेकीने, मित्राने फोनवर एकेक प्रकरण वाचून पाठवावं. स्टुडिओ लागत नाही. पडदे लावलेल्या, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट असलेल्या खोलीत आवाज घुमत नाही. फोन एअरप्लेन मोडवर, तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला, म्हणजे 'प', 'फ', 'भ' उच्चारताना फुंकर बसत नाही. पंखा बंद. चुकलं तर थांबून वाक्य पुन्हा वाचायचं, सगळं पहिल्यापासून नाही. एका फाइलमध्ये पंधरा-वीस मिनिटं, आणि नावं ०१, ०२, ०३ अशी, नाहीतर दहावं प्रकरण दुसऱ्याच्या आधी वाजेल. हे वाचन घरातल्या घरातच ठेवा. कॉपीराइट असलेलं पुस्तक वाचून इंटरनेटवर टाकायला परवानगी लागते.

केव्हा थांबायचं

कधीकधी शांतताच हवी असते, तेव्हा बंद करा. पण एकही आवाज, एकही गोष्ट आवडेनाशी झाली, कशातच मन लागत नाही, असं दोन आठवडे रोज होत राहिलं, तर पुस्तक बदलून पाहण्याऐवजी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. मनाची ही अवस्था उपचारांनी सुधारते. आणि दुखणं ऐकू येऊ नये म्हणून तुम्ही सतत आवाज वाढवत असाल, तर वेदना किती आहे ते डॉक्टरांना सांगा.

बरे होऊन बाहेर पडायला लागलात की वर्गणीचं काय करायचं ते लगेच ठरवा, कारण ती दर महिन्याला आपोआप कापली जाते. बंद करण्याआधी नियम वाचा. स्वतंत्रपणे विकत घेतलेली पुस्तकं बहुधा तुमच्याकडे राहतात, वर्गणीत नुसती ऐकायला मिळालेली जातात, आणि न वापरलेले क्रेडिट, म्हणजे वर्गणीत मिळणारे पुस्तक घेण्याचे हक्क, काही सेवांमध्ये बुडतात. ते आधी वापरून टाका. फोनमधून ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी बंद झाली असं होत नाही. ती खात्यात जाऊन रद्द करावी लागते.